ताकद सारखी नसलेल्या दोन गटांची बैठक कशी घ्यावी

ज्याच्या हाती सत्ता नाही, त्याला सत्ता असलेल्याचा स्वभाव तोंडपाठ असतो. नोकर मालकाची पावलं ओळखतो. मालकाला नोकराचं पूर्ण नाव ठाऊक नसलं तरी त्याचं काही अडत नाही. बहुसंख्य आणि वंचित गटांत एकमेकांबद्दलची समज अशी एकतर्फी असते. म्हणून नुसतं 'एकत्र बसून बोलू या' म्हटलं की एक बाजू पुन्हा समजावून सांगत बसते आणि दुसरी 'छान चर्चा झाली' म्हणून उठते. बैठक बोलावणारे बहुधा बहुसंख्य गटातलेच असतात. पुढचं सगळं त्यांच्यासाठी आहे.

बोलावण्याआधी

या बैठकीमुळे नेमकं काय बदलू शकतं आणि काय नाही, हे दोन वाक्यांत लिहून काढा. ती वाक्यं लिहिता येत नसतील तर बैठक घेऊ नका. शेरी आर्नस्टीन यांनी 1969 मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. माहिती देणं, मत विचारणं आणि एखाद-दुसरी जागा देऊन समजूत काढणं या तिसरी ते पाचवी पायऱ्यांना त्यांनी नाममात्र सहभाग म्हटलं. सत्तेत खरा वाटा सहाव्या पायरीपासून सुरू होतो. आपण तिसऱ्या पायरीवर असलो तर निमंत्रणात तसं स्पष्ट लिहावं. सहाव्या पायरीचं आमंत्रण देऊन तिसऱ्या पायरीवर बसवलं, तर पुढच्या वेळी कोणी येत नाही. आणि ते बरोबरच आहे.

एकूण 12 माणसं पुरतात, दोन्हीकडची सहा-सहा. लोकसंख्येच्या प्रमाणात जागा देऊ नका. रोझाबेथ कँटर यांनी 1977 मध्ये दाखवलं, की एखाद्या गटाची माणसं साधारण 15 टक्क्यांच्या आत असली की त्यांच्याकडे माणूस म्हणून न पाहता नमुना म्हणून पाहिलं जातं. एकट्या प्रतिनिधीला साऱ्या समाजाच्या वतीने बोलावं लागतं, आणि तो चुकला तर समाज चुकला असं धरलं जातं. प्रतिनिधी त्यांच्या गटाने निवडावेत. आपल्या ओळखीचा, आपल्यासारखं बोलणारा माणूस बोलावण्याचा मोह फार होतो. त्याचं बोलणं आपल्याला पटतं ते याच कारणाने.

वंचित गटाची स्वतंत्र बैठक तीन-चार दिवस आधी, दीड तासाची, बाहेरचं कोणी नसताना व्हावी. त्यांच्यातही मतभेद असतात, आणि ते परक्यांच्या देखत मिटवायला लावणं अन्यायाचं आहे. विषयपत्रिका या बैठकीतून यावी. बहुसंख्य गटाने तेवढ्या वेळात उपलब्ध कागदपत्रं वाचावीत. वाचून समजण्यासारखा प्रश्न बैठकीत विचारायचा नाही, हा नियम आधीच सांगून ठेवा.

बुडालेली मजुरी, प्रवासखर्च, मुलं सांभाळण्याची सोय आणि दुभाषी हे खर्चात धरा. पैसे त्याच दिवशी हातात द्या. बोलावणारे पगारी वेळेत आलेले असतात, आलेल्यांचा रोज बुडालेला असतो. जागा दोघांनाही परकी चालेल. जिथे एका बाजूला दारावर नाव लिहून आत यावं लागतं, ती नको.

प्रत्यक्ष बैठक

दोन अध्यक्ष ठेवा, प्रत्येक बाजूचा एक. पहिली 40 मिनिटं फक्त वंचित गट बोलेल. त्यानंतर समोरच्यांनी उत्तर द्यायचं नाही; काय ऐकलं ते आपल्या शब्दांत सांगायचं. बोलणाऱ्याने 'हो, हेच म्हणालो' म्हटल्यावरच पुढे जायचं. इथे बहुतेक जण अडखळतात आणि ऐकलेलं सांगता सांगता स्वतःची बाजू मांडू लागतात. अध्यक्षांनी लगेच थांबवावं.

दोन्ही बाजूंना समान वेळ का नाही, असा आक्षेप येईलच. एमिल ब्रुनो आणि रिबेका सॅक्स यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वरचढ गटाची वृत्ती दुसऱ्याची बाजू समजून घेतल्याने सुधारली, तर दुर्बल गटाची आपली बाजू कोणीतरी ऐकून घेतल्याने. दोघांना एकच औषध लागू पडत नाही.

'आमच्यातही गरीब आहेत', 'सगळेच तसे नसतात' ही वाक्यं आली की फळ्यावर लिहून ठेवा आणि त्यांना शेवटची 10 मिनिटं द्या. बहुसंख्य गटातल्या कोणाला रडू आलं तर पाच मिनिटं थांबा, त्याच्याच गटातल्या कोणीतरी त्याला बाहेर न्यावं. नाहीतर ज्यांचं दुःख ऐकायला जमलो, त्यांनाच सांत्वन करावं लागतं. आणि कोणालाही आपला सर्वांत वाईट अनुभव सांगायला लावू नका.

गोडव्यापासूनही जपा. तामार सागुय आणि सहकाऱ्यांच्या 2009 मधल्या प्रयोगात असमान ताकदीच्या गटांना आपल्यातल्या सारखेपणावर बोलायला सांगितलं. दुर्बल गटाला वाटलं, आता गुणांची वाटणी न्यायाने होईल. वाटणी हातात असलेल्यांनी मात्र तसं केलं नाही. म्हणून सही करण्याचा अधिकार असलेली व्यक्ती बैठकीत शेवटपर्यंत हजर हवी. ती उद्घाटन करून निघून जाणार असेल तर तारीख बदला.

निर्णय

साधं बहुमत इथे घातक आहे. कार्पोविट्झ, मेंडेलबर्ग आणि शेकर यांच्या 2012 च्या अभ्यासात पाच जणांच्या गटात स्त्रिया कमी असताना बहुमताच्या नियमाने त्या फारच कमी बोलल्या. एकमताचा नियम लावताच ही दरी मिटली. ज्यांना गप्प बसवून निर्णय होऊ शकतो, त्यांना कोणी विचारत नाही. प्रत्येक वेळी एकमत जमणार नसेल, तर ज्या निर्णयाचा भार वंचित गटावर पडतो, त्याला त्यांच्या सहापैकी किमान चार जणांची संमती लागेल असं ठरवा.

इतिवृत्तात बोलणाऱ्याचेच शब्द ठेवा. 'आमचं पाणी तोडलं' याचं 'पाणीपुरवठ्याबाबत नाराजी व्यक्त केली' झालं की तोडणारा गायब होतो. तीन रकाने पुरेत: काय करायचं, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. उठण्याआधी ते सर्वांच्या भाषेत वाचून दाखवा आणि सहीची प्रत दोघांकडे द्या.

दोन आठवड्यांनी एक फोन करा. बोललेल्यांपैकी कोणाचं काम गेलं का, उधारी बंद झाली का, घरमालकाने काही सुनावलं का, हे नाव घेऊन विचारा. 30 व्या दिवशी आढावा बैठक घ्या; तसं झालं असेल तर तिथे तोच पहिला विषय.