जुनं सोनं मोडावं कसं: घट, टंच आणि सोनाराचा हिशोब

मृग लागायच्या आधी आमच्याकडच्या तालुक्याच्या सराफ्यात जी गर्दी दिसते, ती सोनं घेणाऱ्यांची नसते, मोडणाऱ्यांची असते. कापसाचा पैसा केव्हाच संपलेला असतो आणि बियाणं, खत, पोरांची फी एकदमच अंगावर येतं. घाईत पहिल्या दिसलेल्या दुकानात शिरायचं आणि सांगतील तो आकडा घेऊन गाडी पकडायची, असंच बहुतेकींचं होतं. सल्ला देणारे एकच सांगतात: "भाव चढला की मोडा." भाव पेपरात छापून येतो, त्यात सोनार फारसं इकडंतिकडं करू शकत नाही. पैसा कापला जातो तो घटीत, म्हणजे भेसळीपोटी वजनातून वजा करतात त्या टक्क्यांत. गटातल्या बायांसोबत सराफ्यात बसून हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता भावाची चर्चा सुरू झाली की मी थांबवते.

घरून निघण्याआधी

मोडायचे डाग, म्हणजे दागिने, वेगळे काढा. पोतीचे काळे मणी, दोरा, खडे घरीच उसवून ठेवा, त्यांचे पैसे कोणी देत नाही.

हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा शिक्का, भिंगातून पाहा. 22के916 च्या बाजूला सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा नंबर, असेल तर तो सरकारी मानक संस्थेच्या, म्हणजे बीआयएसच्या, बीआयएस केअर ॲपमध्ये टाका. दागिना कोणता आणि किती शुद्धतेचा, ते दिसतं. नुसता 'केडीएम' शिक्का शुद्धतेची खूण नाही, त्याचा संबंध डाकाशी, म्हणजे सांधे जोडायच्या धातूशी, आहे. आणि आजीच्या एकदाणीला हॉलमार्क कुठून असणार? 1 एप्रिल 2023 पासून एचयूआयडीशिवाय दागिना विकायला बंदी आहे ती सोनाराला. तुम्ही तुमचा जुना दागिना खुशाल मोडू शकता. "हॉलमार्क नाही, सरकार घेऊ देत नाही" असं म्हणून भाव पाडणाऱ्याच्या दुकानातून लगेच उठा.

तोळ्यात बोलू नका. सासूबाई पाच तोळे म्हणतात तो जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, आज सराफ्यात तोळा 10 ग्रॅमचा. पाच तोळ्यांत आठ ग्रॅमचा फरक पडतो. सगळं बोलणं ग्रॅममध्ये.

वजन

काट्यावर शून्य दिसू द्या, काचेची दारं लावायला सांगा, तिन्ही दशांश आकडे वाचा, मोबाईलवर फोटो काढा. झालं.

घट

इथं नीट लक्ष द्या. सोयाबीन नेलं की व्यापारी भावावर बोलत नाही, मॉइश्चरवर बोलतो. सराफ्यात तेच काम घट करते. सोनार म्हणतो, "मावशी, जुना माल हाय, पंधरा टक्के घट लागन." हे पंधरा कुठून आले, हे विचारायचं असतं हेच बहुतेकांना माहीत नसतं. मलाही हा हिशोब समजायला फार वेळ लागला, कारण दुकानात तो कधी कागदावर मांडतच नाहीत.

एक उदाहरण घ्या. बोरमाळ 24 ग्रॅम भरली. बोरमाळेचे मणी आतून लाखेने भरलेले असतात, ती आटवली, म्हणजे वितळवली, की लाख जळून जाते. हातात लगड, म्हणजे वितळलेल्या सोन्याचा गोळा, आली 18.200 ग्रॅमची. या तुटीला घाबरू नका, लाख सोन्याच्या भावात कोणीच घेणार नाही. लगड मशीनवर ठेवली, टंच, म्हणजे त्यातल्या शुद्ध सोन्याचं प्रमाण, निघाला 87.50 टक्के. म्हणजे शुद्ध सोनं 15.925 ग्रॅम. याला त्या दिवशीच्या 24 कॅरेटच्या भावाने गुणा. हा तुमचा आकडा. आटणी-शुद्धीकरणाचे म्हणून यातून एक-दोन टक्के कोणी मागितले तर मी देऊ देते, त्यापुढे नाही.

आता सोनाराचा हिशोब बघा. "22 कॅरेटचा भाव देतो, फक्त पंधरा टक्के घट." ऐकायला चांगलं वाटतं. 18.200 मधून पंधरा टक्के गेले, राहिले 15.470 ग्रॅम. पण 22 कॅरेटचा भाव मुळातच 24 कॅरेटच्या 91.6 टक्के असतो. म्हणजे शुद्ध सोन्यात मोजलं तर तुमच्या हाती आलं 14.170 ग्रॅमचं मोल. पावणेदोन ग्रॅम गेलं! तेवढ्यात कित्येक एकरांचं कापसाचं बियाणं येतं. भेसळ एकदा घट म्हणून कापली आणि तीच भेसळ दुसऱ्यांदा भावात कापली. एक तर घट कापून 24 चा भाव द्या, नाही तर दागिना 22 चाच निघाला असेल तर बिनघटीचा 22 चा भाव द्या. दोन्ही एकदम कापू द्यायचं नाही. माझं यावर दुसरं मत नाही.

न आटवता मशीनवर ठेवून टंच सांगतात, त्यावर पूर्ण विसंबू नका. एक्सरे मशीन वरच्या अगदी पातळ थराचं वाचतं. डाकाच्या जागी टंच कमी दिसतो, मुलामा असेल तर जास्त. दोन-तीन ठिकाणी तपासायला लावा आणि डाकाच्या जागेचा आकडा धरू देऊ नका. बिनहॉलमार्कच्या जाड दागिन्याला तर मी आटवूनच टंच काढायला सांगते.

पण आटवण्याआधी चार गोष्टी तोंडी नाही, कागदावर ठरवा: कोणता भाव, कपात किती, आटवायचे पैसे किती, आणि सौदा पटला नाही तर लगड परत मिळेल. एकदा दागिना आटला की तुमच्या हातात पिवळा गोळाच उरतो, आणि दुसऱ्या दुकानात गेलात की "कुठून आणला?" हा पहिला प्रश्न. म्हणून आटवायच्या आधीच दोन-तीन दुकानं फिरा. सगळीकडे एकच प्रश्न विचारा: "टंच निघेल त्याप्रमाणे शुद्ध सोन्याला 24 चा भाव देता का?" जो उत्तर टाळतो, तिथं बसू नका.

आटणी डोळ्यांसमोर झाली पाहिजे. मूस, म्हणजे सोनं वितळवायचं भांडं, मागच्या खोलीत जात असेल तर तुम्हीही उठून मागं जा. लगड काढल्यावर मूस बघायला मागा. आटवताना टाकतात त्या टाकणखाराच्या काचेसारख्या थरात सोन्याचे बारीक दाणे अडकलेले असतात, ते तुमचे आहेत. टंचासाठी काही खरवडलं तर तो कीसही वजनात धरायला लावा. लाज वाटून घेऊ नका, सोनार स्वतःचा माल असाच जपतो.

टंचावरून वाद मिटत नसेल तर बीआयएस मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्र गाठा. नागपूर, अमरावती, अकोल्यात अशी केंद्रं आहेत. सामान्य ग्राहकाला चार दागिन्यांपर्यंत तपासणीचं शुल्क 200 रुपये ठरलेलं आहे. एका दिवसाचं गाडीभाडं जाईल, पण लेखी आकडा हातात येईल. दहा-बारा ग्रॅमच्या वर मोडायचं असेल तर हा खर्च कराच.

पैसे

सगळी रक्कम रोख मागू नका. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख दिली तर सोनाराला तो खर्च आयकराच्या हिशोबात दाखवता येत नाही, म्हणून पावतीवर धंदा करणारा दुकानदार खात्यातच टाकतो. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं तर कायद्यानेच बंद आहे. "पावती नको, सगळी रोख देतो" म्हणणाऱ्याकडे आधी घट कितीची लावली ते पाहा.

खातं द्यायचं ते ज्या बाईचं सोनं तिचं. स्त्रीधन तिचं आहे, पावती तिच्या नावाची, सही तिची. नवरा किंवा मुलगा सोबत असू द्या, पण व्यवहार तिच्या नावावरच. पीककर्ज थकलेल्या बँकेतलं खातं देऊ नका, होल्ड लागला की ऐन पेरणीत पैसा अडकतो. जनधन खात्याची केवायसी अपुरी असेल तर आधी पूर्ण करून घ्या.

पावतीवर आटवण्याआधीचं वजन, लगडीचं वजन, टंच, भाव आणि कपात, सगळं वेगवेगळं लिहून घ्या. घरातला जुना दागिना सोनाराला विकताना तुमच्यावर जीएसटी लागत नाही, त्या नावाने काही कापलं असेल तर परत मागा. आधारची प्रत द्यावी लागते, त्यावर "सोनं विक्रीसाठी" आणि तारीख लिहून द्या.

पैसा फक्त कापूस निघेपर्यंतच हवा असेल तर मोडूच नका, बँकेत सोनेतारण कर्ज घ्या. "डाग ठेवून जा, दिवाळीला सोडवून न्या" म्हणणाऱ्या सोनाराला सावकारीचा परवाना विचारा. महाराष्ट्रात 2014 च्या कायद्याने बिनपरवाना सावकारी गुन्हा आहे, आणि परवाना दाखवता येत नसेल तर डाग पिशवीत परत ठेवा.