तारेने आवळलेली जास्वंद आणि गुटी कलम

चेंबूरच्या नर्सरीतून आणलेल्या जास्वंदीच्या खोडावर लेबलची बारीक तार तशीच राहिली होती. खोड जाड होत गेलं, तार सालीत रुतली. वरच्या बाजूला सुजल्यासारखा फुगवटा, खाली मात्र खोड बारीकच. पानं तरीही हिरवीगार!

कारण सरळ आहे. मुळांकडून पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्या आत, लाकडात असतात. त्या शाबूत होत्या. पानांत तयार झालेली साखर खाली आणणाऱ्या रसवाहिन्या सालीच्या आतल्या थरात असतात. तारेने त्याच चिरडल्या. साखर वर अडली, खाली मुळं उपाशी. इटलीच्या माल्पिघी या शास्त्रज्ञाने १७ व्या शतकातच झाडाची साल कड्यासारखी काढून असा फुगवटा पाहिला होता.

तार काढली, पण खाच खोल होती. म्हटलं, फुगवट्यात साखर साठलीच आहे तर गुटी बांधू, म्हणजे झाडावर असतानाच खोडाला मुळं फुटवू. फुगवट्याखालची इंचभर साल गोल काढली. त्याखालचा बुळबुळीत थर, म्हणजे कॅम्बियम, चाकूने खरवडून टाकला. तो राहिला तर जखम भरते आणि मुळं फुटत नाहीत. ओलं मॉस, वर प्लॅस्टिक, दोन्ही टोकांना सुतळी. आतल्या जलवाहिन्या शाबूत असल्याने पानं कोमेजली नाहीत. प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसल्यावरच खालून कापून नव्या कुंडीत लावलं.

केळीवर किंवा बांबूवर हे करायला जाऊ नका. त्यांच्या वाहिन्या खोडभर विखुरलेल्या असतात, कॅम्बियमही नसतं.