शेवटचा भाग लिहिण्याआधी उधारीची वही काढा

माझ्या बाबांचं नागपूरच्या इतवारीत किराण्याचं दुकान होतं. दिवाळी आली की ते लाल वही काढून एकेक खातं बघत बसायचे. कुमारांसाठीच्या माझ्या मंगळ ग्रहावरच्या पुस्तकमालिकेचा तिसरा आणि शेवटचा भाग लिहायला घेतला, तेव्हा मीही तेच केलं. तुम्हीही करा. आधीचे भाग पेन्सिल घेऊन वाचा आणि वाचकाला जे जे कबूल करून ठेवलंय, ते वहीत उतरवा. माझ्या ३१ नोंदी निघाल्या. बिघडलेला रेडिओ, तळावरच्या एकाचं खोटं नाव, आजीनं दिलेली संत्र्याच्या बियांची पुडी. पुडीचं तर मी साफ विसरले होते.

सगळी उधारी फेडायची नसते. चार-पाच मोठी खाती नीट मिटवा, बाकीची दोन-दोन ओळींत. पण मोठं खातं कोणतं, हे तुम्ही ठरवू नका. मला वाटायचं, खोट्या नावाचा माणूस. शेजारचा नववीतला पोट्टा म्हणाला, "काकू, बियांचं काय झालं?"

मग झाड लावायचा मोह आवरा. विदर्भात संत्र्याची कलमं जंभेरी लिंबाच्या खुंटावर डोळा बांधून करतात. बियांपासूनच्या झाडाला फळ यायला कितीतरी वर्षं जातात. शेवटच्या प्रकरणात लगडलेलं झाड दाखवलंत, तर आमच्याकडचं शेंबडं पोरही हसेल. दोन पानांचा कोंब पुरे.

आता कॅलेंडर. मंगळाकडे निघायची सोयीची वेळ साधारण २६ महिन्यांनी येते. कमीत कमी इंधनाच्या वाटेनं जायला साडेआठ महिने, तिथं सव्वा वर्ष मुक्काम, यायला पुन्हा साडेआठ. म्हणजे निघताना १३ वर्षांची असलेली पोरगी परतते तेव्हा सोळाव्याच्या घरात असते. मी दुसऱ्या भागात तिला वाढवायचंच विसरले. तिसऱ्यात स्पेससूटच्या बाह्या तोकड्या करून भागवलं.

संवादही तपासा. मंगळावरून संदेश पोचायला अंतराप्रमाणे सुमारे ३ ते २२ मिनिटं लागतात. ऐन संकटात आईशी फोनवर बोलल्यासारखं बोलणं घातलंत की फसलात. त्या उशिराचा उपयोग करा. माझी नायिका विचारते, "उतरू का?" आईचं "नको" येतं, तोवर ती उतरून मोकळी झालेली असते.

सगळ्यात जास्त वेळ घरवापसीला द्या. माझ्या पहिल्या खर्ड्यात ती नागपुरातल्या झीरो माईलच्या घोड्यांच्या पुतळ्यांपाशी आईकडे धावत सुटते. लिहिताना मला रडू आलं होतं. पोट्ट्यानं वाचलं आणि म्हणाला, "काकू, अवकाशात सहा महिने राहून आलेल्यांना उचलून खुर्चीत बसवतात. अन् ही धावून कशी राहिली?" बरोबर होतं त्याचं. वजनविरहित अवस्थेत स्नायू झिजतात, कमरेच्या हाडांची घनता महिन्याला साधारण एक टक्क्यानं घटते. घोडे काढले. (फार गोडही झालं होतं ते.)

नवीन शेवट असा: मे महिना, कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, ती खाटेवर. आई पेला देते. ती एक घोट घेते आणि सवयीनं पेला हवेतच सोडते. अवकाशातून परतलेल्यांच्या हातून असं खरंच होतं. पेला खणखणत फरशीवर. आई काही न बोलता पुसायला फडकं आणते.

हा खर्डा त्यानं दोनदा वाचला. मग विचारलं, "पेल्यात काय होतं?"

पन्हं होतं. लिहायचं राहिलं होतं.