वृद्धाश्रम शोधताय? बाग नंतर बघा

'आईसाठी चांगला वृद्धाश्रम सुचव' असं कोणी म्हणालं की मी आधी विचारते, रात्री त्या किती वेळा उठतात? समोरचा गडबडतो. त्याला फक्त पत्ता हवा असतो, तोही रविवारच्या आत.

सगळ्यालाच वृद्धाश्रम म्हणायचं, इथूनच चुकायला सुरुवात होते. साधा वृद्धाश्रम म्हणजे खोली, जेवण, सोबत, हिंडत्याफिरत्या माणसांसाठी. आंघोळीला, कपड्यांना, गोळ्यांना कुणाचा हात लागत असेल तर असिस्टेड लिव्हिंग. कॅथेटर (लघवीची नळी), नाकातली नळी, अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर नर्सिंग केअर. डिमेन्शियाला, म्हणजे स्मृतिभ्रंशाला, तर जागाही वेगळी आणि माणसंही वेगळी लागतात.

आत्याच्या बाबतीत आम्ही नेमकं हेच चुकवलं. सगळं आयुष्य गिरगावच्या चाळीत गेलेलं. कर्जतजवळ जागा मिळाली. आंब्याची झाडं, रोज भजन. सकाळी अकराला बघायला गेलो, चहा प्यायलो, डिपॉझिट भरून आलो. फॉर्मवर 'स्वतःची कामे स्वतः करणारे' अशी अट होती, त्यापुढे दादाने बेधडक खूण केली. सकाळी आत्या ठीकच असायची हो! दिवेलागणीला मात्र पिशवी भरायची, 'बाबा वाट बघत असतील.' डिमेन्शियात संध्याकाळी अस्वस्थता वाढते, हे आम्हाला कुठे ठाऊक होतं? तिथलं गेट सताड उघडं. अठराव्या दिवशी ती स्टेशनच्या रस्त्यावर सापडली, एकाच पायात चप्पल. दुसऱ्या दिवशी फोन, 'घेऊन जा.' मला त्यांचा राग आला होता. पण खोटं आम्ही लिहिलं होतं.

तेव्हापासून मी सकाळी जातच नाही. साडेसहा-सातला जाते. भेटीच्या वेळा ठरलेल्या असतात, मान्य. पण संध्याकाळची वेळ द्यायलाच कां कूं करत असतील तर मी परत फिरते. आत गेल्यावर म्हाताऱ्यांची नखं बघते, पाण्याचा पेला हाताशी आहे का बघते. झोपून असलेल्यांची कूस किती वेळाने बदलता, हे विचारते. 'दर दोन तासांनी' हे उत्तर पटकन यायला हवं, आणि वहीत नोंद दिसायला हवी. रात्री किती जणी असतात, हे मॅनेजरला नाही, मावशींना विचारायचं.

डायपर, ड्रेसिंग, डॉक्टर यांचे पैसे बहुधा वेगळे असतात, लेखी घ्या. मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका, तो हॉस्पिटलच्या खर्चासाठी असतो. वांगणी-नेरळकडे स्वस्त पडतं, पण रविवारी मेगाब्लॉक असतो, दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवतात, हे डिपॉझिट भरताना कुणालाच आठवत नाही.

सांभाळण्याच्या बोलीवर घर भाच्या-पुतण्याच्या नावावर करायचंच असेल, तर ती बोली बक्षीसपत्रात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली, सांभाळ केला नाही तर असा व्यवहार रद्द करून घेता येतो. तक्रार कुठे करायची कळत नसेल तर १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

आणि अगदी घाईच असेल तर दोन आठवडे घरीच सांभाळायला ब्युरोची, म्हणजे एजन्सीची, बाई ठेवा. महाग पडेल, पडू दे. तेवढ्यात तीन जागा संध्याकाळच्या बघून होतात.