डडलियाच्या कुंड्या मिरगाआधी छपराखाली घ्या

वळीव सुरू झालाय. दुपारपर्यंत काहिली, संध्याकाळी गडगडाट आणि अर्धा तास धो-धो. ज्यांच्या गच्चीवर, परड्यात किंवा शेडनेटमध्ये डडलिया या शोभेच्या झाडाच्या कुंड्या उघड्यावर आहेत, त्यांनी त्या आजच आत घ्याव्यात. रोहिणी लागली की बघू, मिरगाला अजून वेळ आहे, असं म्हणत बसू नका. शेडनेट म्हणजे छप्पर नव्हे. नेटमधून पाणी गळतंच, आणि थेंब बारीक होऊन पानांच्या बेचक्यात जास्त वेळ बसून राहतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ही झाडं मेलेली पाहतो, त्यांतली बहुतेक एकाच कारणानं गेलेली असतात: झाड झोपेत असताना त्याला पाणी मिळालं. कधी पावसानं दिलं, कधी मालकानं मायेनं दिलं. कीड, खत, ऊन, कुंडी हे सगळं त्याच्या मागून येतं.

झोप कसली, ते आधी सांगतो. डडलिया हे कॅलिफोर्निया आणि बाहा कॅलिफोर्नियाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचं झाड. जाड पानांचं, गुलाबासारखं फेर धरून वाढणारं. समुद्राच्या कड्यांवर, दगडाच्या फटीत उगवतं. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो. उन्हाळा कोरडा जातो, फार तर समुद्रावरून धुकं येतं. म्हणून हे झाड थंडीत वाढतं आणि उन्हाळ्यात अंग आकसून झोपतं. आपल्याकडचं गणित नेमकं उलटं आहे. त्याच्या झोपेच्या महिन्यांत आपला मिरीग, आर्द्रा, तरणा, म्हातारा असा सगळा पाऊस ओतून जातो.

झोपलेल्या झाडाची बारीक मुळं जवळजवळ काम बंद करतात. पाणी ओढलं जात नाही, माती ओली राहते, वर मे महिन्याची ऊब. फायटोप्थोरा, पिथियम, फ्युझॅरियम या बुरशींना यापेक्षा चांगलं काय हवं? वरून झाड आठ-दहा दिवस हिरवंगार दिसतं. मग एक दिवस हात लावला की अख्खा गड्डा हातात येतो, खाली पाणचट आणि कुजका वास.

यात फसवणारी गोष्ट अशी की झोपेत जाताना झाड तहानलेलंच दिसतं. बाहेरची पानं कागदासारखी वाळतात, मधला फेर मिटतो, अंग सुरकुततं. घरातलं कुणीतरी म्हणतं, "अगं, बघ की बिचारं कसं सुकलंय," आणि तांब्याभर पाणी पडतं. ते पाणी नको. वाळलेली पानं खालून झाडाच्या खोडाला सावली देतात, तीही ओढून काढू नका.

इचेवेरिया पाळणाऱ्यांची गफलत इथेच होते. दोन्ही झाडं दिसायला सख्ख्या बहिणी. पण इचेवेरिया बहुतांशी मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली, तिला उन्हाळ्यातला पाऊस माहीत आहे, आडोशाला असेल तर ती आपला पावसाळा काढते. डडलिया काढत नाही. ओळखायचं असेल तर पान बघा. इचेवेरियाचं पान हलकं पिळलं की देठाशी स्वच्छ सुटतं आणि त्याला मुळं फुटतात. डडलियाचं पान खोडाला रुंद बुडानं चिकटलेलं असतं, ओढलं तर फाटतं, आणि पानापासून रोप होत नाही म्हटलं तरी चालेल.

छप्पर कसं करायचं? पत्रा, पॉलिहाऊसचा उरलेला 200 मायक्रॉनचा कागद, पडवी, पोर्च, काहीही चालेल. कागद फक्त वरून घाला, चारी बाजूंनी गुंडाळू नका, नाहीतर आत वाफ धरते आणि काम तेच होतं. पश्चिमेची बाजू तेवढी अर्धी झाका, कारण आषाढातला पाऊस आडवा येतो. कुंड्या जमिनीवर टेकवू नका. विटांवर किंवा फळीवर ठेवा, खालच्या भोकातून ओल चढते. बशी ठेवत असाल तर आजच काढा.

आता तालुक्यागणिक.

कणकुंबी, जांबोटी आणि खानापूरचा पश्चिम भाग: इथे नुसतं छप्पर पुरत नाही. हवाच ओली असते. कुंड्या घराच्या आत, पूर्वेच्या खिडकीपाशी घ्या. जूनपासून सप्टेंबरअखेर पाणी शून्य. पंखा रोज तासभर फिरू द्या.

बेळगाव शहर आणि आसपास: जुलैत इथे हवा चांगलीच गार होते, आणि माझा अंदाज असा की त्या गारव्यानं झाड अर्धवट जागं होतं. फेर थोडा उघडतो, मधे नवी पानं दिसतात. कुठल्या पुस्तकात हे लिहिलेलं नाही, पण बऱ्याच गच्च्यांवर पाहिलंय. या वेळी पाणी द्यायचा मोह होतो. देऊ नका. ऊन नाही, हवा दमट, माती वाळायला आठवडे लागतात.

निपाणी, चिकोडी: पाऊस मध्यम, पण वळवाचे तडाखे मोठे. इथलं नुकसान जूनपेक्षा मे महिन्यातच जास्त होतं.

अथणी, रायबाग: इथे पावसापेक्षा स्लॅब मारतो. एप्रिल-मेमध्ये तापलेल्या गच्चीवर काळी प्लास्टिकची कुंडी ठेवली की मुळं शिजतात. 50 टक्के शेडनेट, मातीची कुंडी, खाली वीट. हवा कोरडी असल्यामुळे इथेच फक्त तीन आठवड्यांतून एकदा, ऊन उतरल्यावर, कुंडीच्या कडेनं चहाच्या कपाएवढं पाणी चालेल. तेही पाऊस लागेपर्यंत.

माती. काळी माती अजिबात नको. बाजारात "सक्युलंट मिक्स" म्हणून पिशवी मिळते, तिच्यात बहुतेक कोकोपीट असतं. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, आणि आपल्याला पाणी धरायचंच नाही. त्या एका पिशवीच्या पैशात घरचं मिश्रण पाटीभर होतं:

– चाळलेला मुरूम 2 भाग
– 6 एमएम खडी किंवा विटांचे बारीक तुकडे 1 भाग
– जाड वाळू 1 भाग
– भाताचं करपवलेलं तूस अर्धा भाग
– चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत अर्धा भाग

भरलेल्या कुंडीत मगभर पाणी ओता. दहा-पंधरा सेकंदांत खालून धार लागली पाहिजे. नाही लागली तर खडी वाढवा. कुंडी मातीचीच घ्या. खानापूरला कुंभारकामाची एवढी परंपरा असताना प्लास्टिकला पैसे का घालायचे? आणि रोप थोडं तिरकं लावा. कड्यावर ते आडवंच वाढतं, त्यामुळे फेरात पाणी साचत नाही.

दुकानाची गोष्ट. डडलियाच्या काही जातींच्या पानांवर पांढरी भुकटी असते. ते मेण आहे, झाडाचं स्वतःचं, ऊन परतवायला आणि ओल आत धरायला. ते रोग नव्हे. पण द्राक्षवाल्यांच्या भागात पांढरं दिसलं की भुरीच (पानावर पांढरी बुरशी धरणारा रोग) आठवते. दुकानात फोटो दाखवला की गंधक किंवा हेक्झाकोनॅझोल हे बुरशीनाशक हातात पडतं, वर औषध पानाला चिकटवणारं एक स्टिकर. फवारलं की मेण धुऊन जातं, आणि त्या पानावर ते पुन्हा येत नाही. निंबोळी तेल आणि साबणाचं पाणीही तेच करतं. बोटानं पुसलं तरी डाग कायमचा. भुरी बोटाला लागते, मेणही लागतं, त्यामुळे तशी पारख होत नाही. सगळ्या पानांवर एकसारखा पांढरा थर आणि झाड ताठ असेल तर ते मेण, ठिपक्या-ठिपक्यांनी पसरत असेल तर शंका घ्या.

"समुद्रकाठचं झाड आहे, सीवीड (समुद्री शेवाळाचं खत) द्या" हेही ऐकलंय. मिठाचं पाणी घालणारेही भेटले. खारा वारा ते सोसतं, म्हणून त्याला मीठ लागतं असं नाही. टॉनिक, ह्युमिक, पाणी धरणारी जेल यांतलं काहीही आणू नका. जेल तर विषच समजा.

थंडीतली नेहमीची कामं:

– हस्त संपता संपता, पाऊस ओसरल्यावर पहिलं पाणी, कडेनं, थोडं
– नोव्हेंबर ते फेब्रुवारी: माती पूर्ण वाळली की पाणी, साधारण 8 ते 12 दिवसांनी
– 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरभर पाण्याला 1 ग्रॅम, महिन्यातून एकदा; नाही दिलं तरी चालतं
– सकाळचं ऊन किमान 4 तास
– कुंडी बदलायची तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये
– मार्चपासून पाणी लांबवत नेणे, एप्रिलमध्ये बंद
– मावा फुलांच्या दांड्यावर येतो. दांडा कापून टाका
– गोगलगायी रात्री टॉर्चनं वेचा

पिठ्या ढेकूण मेणात लपतो, लवकर दिसत नाही. मुंग्यांची रांग कुंडीकडे जाताना दिसली की वाळलेल्या पानांच्या बुडाशी बघा. कापसाच्या काडीनं सर्जिकल स्पिरिट फक्त किड्यावर लावा, पानावर फिरवू नका. मुळांत असेल तर माती झाडून, मुळं वाळवून, नव्या मिश्रणात लावा.

कूज लागलीच तर? कुंडीतून काढा, खोड चकत्या-चकत्यांनी कापत वर जा. मधे तपकिरी ठिपकाही नको, पांढरा-हिरवा गाभा लागेपर्यंत कापा, प्रत्येक कापाला ब्लेड स्पिरिटनं पुसा. कापावर कॉपर ऑक्सिक्लोराईड या बुरशीनाशकाची पेस्ट. हळद लावणारेही आहेत, तिचा अपाय काही दिसला नाही. मग तो शेंडा कोरड्या खडीवर, सावलीत, वाऱ्याला उघडा ठेवून द्या. मुळं आता फुटणार नाहीत, ऑक्टोबरात फुटतील. चार-पाच महिने तो तसाच जगतो, घाबरून पाणी शिंपडू नका. शेजारच्या कुंड्यांना खबरदारी म्हणून कॉपर ऑक्सिक्लोराईड 50 टक्के लिटरला 3 ग्रॅम अशी आळवणी, म्हणजे औषधाचं पाणी मातीत ओतणं, सांगतात. पण झोपेत आळवणी म्हणजे पुन्हा पाणीच. माझं मत: मे ते सप्टेंबर आळवणी नको, ती ऑक्टोबरच्या पहिल्या पाण्यासोबत करा.

रोपं घेताना. ऑनलाइन विकणारे "इम्पोर्टेड, जुनं खोड" म्हणून मोठी किंमत लावतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून ही झाडं हजारोंनी उपटून पूर्व आशियात धाडणारे 2018 च्या सुमारास पकडले गेले, आणि 2021 मध्ये तिकडे चोरीविरुद्ध खास कायदाच करावा लागला. जाड, खरचटलेलं खोड, मुळं तुटलेली, पानं वेडीवाकडी असं झाड दिसलं तर घेऊ नका. ते कड्यावरून ओढलेलं असण्याची शक्यता आहे, आणि तसली झाडं इथे फारशी तगतही नाहीत. परदेशातून रोप मागवायला आयात परवाना आणि तिकडचा रोगमुक्तीचा दाखला लागतो, तो विक्रेत्याकडे मागा. नाही म्हणाला तर विषय संपला.

बियांपासून करायचं तर दिवाळीनंतर. बी धुळीएवढं बारीक, मातीवर नुसतं भुरभुरायचं, झाकायचं नाही. बेळगावची नोव्हेंबर-डिसेंबरची थंडी त्याला मानवते. पहिल्या उन्हाळ्यात ही बाळं पूर्ण कोरडी ठेवली तर मरतात. त्यांना पंधरा दिवसांनी खालून, ताटलीतून, दहा मिनिटं ओल दाखवून बाहेर काढा.

जून-जुलैत कुणी पार्सलनं रोप पाठवलं तर ते उघडून, मुळं झटकून, कोरड्या खडीत उभं करा आणि ऑक्टोबरपर्यंत तसंच राहू द्या. सोबतच्या चिठ्ठीत "आल्या आल्या पाणी द्या" असं छापलेलं असतं. ते इचेवेरियासाठी ठीक आहे.