गावच्या उन्हाळ्यासाठी शरीर कसे तयार करावे

सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या भागातील गलाई व्यावसायिक, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणारे, देशभर विखुरलेले आहेत आणि त्यांपैकी अनेक जण चैत्रात खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेला किंवा घरच्या लग्नकार्याला ऐन उन्हात गावी येतात. वर्षभर थंड प्रदेशात किंवा वातानुकूलित दुकानात काढलेल्या माणसाने ‘आपण इथलेच, आपल्याला ऊन काय करणार’ या भरवशावर राहू नये. उन्हाची सवय जन्माने कायमची मिळत नाही. ती शरीराला दर मोसमात नव्याने लावावी लागते आणि त्यासाठी साधारण ७ ते १४ दिवस लागतात.

पहिल्या तीन-पाच दिवसांत रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, त्यामुळे तेवढ्याच कामाला हृदयाचे ठोके पूर्वीपेक्षा कमी पडू लागतात. त्यानंतर घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो आणि त्यातील मीठ शरीर राखून ठेवू लागते. ओठांवर आलेला घाम आठवड्याभराने कमी खारट लागतो, तो याचमुळे.

हा बदल नुसता सावलीत बसून होत नाही. रोज तास-दीड तास अंग तापून घाम येईल इतके चालणे किंवा हलके शेतकाम करावे. सुरुवात सकाळच्या उन्हाने करावी आणि वेळ हळूहळू वाढवावा. पूर्ण दिवस मेहनतीचे काम करायचे असल्यास पहिल्या दिवशी त्याचा पाचवा हिस्साच करावा आणि रोज तेवढीच भर घालत जावी. रात्री मात्र कूलर लावून स्वस्थ झोपावे, त्यात काहीही कमीपणा नाही.

पाण्याबाबत एक गैरसमज पक्का रुजलेला आहे : उन्हाला सरावलेल्या माणसाला पाणी कमी लागते, असे मानले जाते. प्रत्यक्षात सराव झाल्यावर घाम वाढत असल्याने पाणी अधिक लागते, आणि कमी पाण्यावर राहण्याची सवय शरीराला लावता येत नाही. त्यातच आटपाडीकडच्या माणदेशाच्या कोरड्या हवेत घाम क्षणात उडून जातो, अंग कोरडेच राहते आणि किती पाणी गेले याचा अंदाज येत नाही. कोकणात तोच घाम निथळत राहतो, म्हणून डोळ्यांना दिसतो, पण न वाळल्यामुळे अंग फारसे गार करत नाही. तहानेपेक्षा लघवीच्या रंगावर लक्ष ठेवावे, ती गडद पिवळी झाली की पाणी वाढवावे. लांबलचक कामात नुसते पाणी ढोसत राहणेही बरे नव्हे; सोबत मीठ घातलेले ताक असावे, किंवा एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते प्यावे. खिशात कांदा ठेवायचा असेल तर खुशाल ठेवावा, पण तो न्याहारीला भाकरीबरोबर खाल्लेला अधिक बरा.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर मीठ आणि पाणी यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

कोणी उन्हात असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात समजावा, मग अंगाला घाम असो वा नसो. त्याला सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा आणि लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

थंड मुलखात परतल्यावर उन्हाच्या सवयीची ही कमाई तीन-चार आठवड्यांत बरीचशी ओसरते, म्हणून महिन्याभराने एखाद्या लग्नासाठी पुन्हा यायचे झाल्यास सुरुवात परत हलक्या कामानेच करावी.