शेणखत घालूनही ऊस पिवळा? सेंद्रिय खते वापरताना या चुका टाळा

कृष्णाकाठी वाळवा, मिरज भागात उसाच्या आडसाली (पावसाळ्यातील) लागणीपूर्वी रानात ट्रॉल्याच्या ट्रॉल्या शेणखत विस्कटले जाते आणि तरीही महिनाभरात कोंब पिवळे पडले, की दोष बहुधा बेण्याला दिला जातो. पुष्कळदा खतच कच्चे असते. त्यातल्या न कुजलेल्या काडीकचऱ्यात कर्ब भरपूर व नत्र अगदी थोडे असते. तो कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःच्या वाढीसाठी नत्र लागतेच, ते खतात पुरले नाही तर जिवाणू ते मातीतून उचलतात आणि काही आठवडे पीक उपाशी राहते.

म्हणून खत उचलण्यापूर्वी उकिरड्यात हात घालून पाहावे (आधी काठीने ढोसावे, विंचवाचा भरवसा नसतो). आत ऊब लागत असेल, काड्या ओळखू येत असतील आणि शेणाचा उग्र वास येत असेल, तर ते खत तयार नाही. कुजलेले खत काळपट, भुसभुशीत असते आणि त्याला वळवाने भिजलेल्या मातीसारखा वास येतो. कच्च्या खताबरोबर मुळे कुरतडणाऱ्या हुमणीच्या अळ्याही रानात येतात, हा त्याचा दुसरा तोटा.

खोडव्यातील (तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसातील) पाचट, म्हणजे वाळलेला पाला, पेटवणे ही सर्वांत महागडी चूक आहे, कारण त्यात नत्र हवेत जाते आणि वरच्या थरातील जीव होरपळतात. पाचट सरीत दाबून प्रत्येक टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक टाकावे व ओल टिकवावी. येथे युरिया पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही. तो जिवाणूंची नत्राची गरज भागवतो.

तासगावकडील द्राक्षबागांत रोगकारक बुरशींना रोखणारा ट्रायकोडर्मा सोडायचा आणि त्याच आठवड्यात बुरशीनाशकाची आळवणी करायची, असेही घडते. ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच आहे, त्यामुळे बुरशीनाशकाने तीही मरू शकते.

पाणथळ, खारवट रानाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. तेथे मातीच्या पोकळ्यांत पाणी भरल्याने हवा उरत नाही, घातलेले खत कुजण्याऐवजी सडते आणि ढेकूळ फोडल्यावर नासक्या अंड्यासारखा वास येतो. अशा रानात क्षारयुक्त कोंबडीखत घालणे तर टाळावेच. आधी चर काढून किंवा सच्छिद्र पाइप टाकून पाण्याला वाट करून द्यावी आणि खताचा खर्च त्यानंतर करावा.